थोरली शिळी, धाकटी ताजी

अन्याय झाला तो एकोणीस बायकांवर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, कुंभिवलीच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या गेटवर. विसाव्या बाईवर अन्याय झाला तो त्याच्या पुढच्या दिवशी, दुपारी चारला, आणि तो मी केला. पहिल्या अन्यायाची पत्रकं निघाली, गेटसभा झाल्या, घसा बसेपर्यंत घोषणा झाल्या. दुसऱ्याबद्दल अजून एक ओळ छापून आलेली नाही. कामगार संघटनेची पत्रकं छापणारी मीच होते ना.

ही विसावी बाई म्हणजे त्या कारखान्याचा कॉम्प्युटर चालवणाऱ्या बाई. त्यांचं नाव इथे घालत नाही. मी ते एकदा छापलं आहे, तेवढं पुरे झालं. कारखान्यातल्या बायका त्यांना जोडबाई म्हणायच्या, कारण त्यांच्याकडे प्रत्येक वस्तूची जोडी असायची. गळ्यात दोन चष्मे, दोन दोऱ्यांना बांधलेले. मी एकदा विचारलं, "एक जवळचा, एक लांबचा का?"

"छे. दोन्ही एकाच नंबरचे. एक आजचा, एक उद्याचा."

डाव्या मनगटावर दोन घड्याळं. दोहोंत तीन मिनिटांचा फरक. यातलं खरं कुठलं, असं कोणी थट्टेने विचारलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "असं नाही विचारायचं. शेवटचं कधी लावलं, ते विचारायचं." छत्र्या दोन, एक उघडलेली, दुसरी काखेत, मिटलेली आणि कोरडी. कर्जत स्टेशनाबाहेर एका गृहस्थांनी भर पावसात ती दुसरी मागितली. बाई म्हणाल्या, "ही मोडली तर मी काय करू?" ते भडकले. "तुमची मोडेपर्यंत मी भिजत उभा राहू का?" बाईंनी क्षणभर विचार केला, उघडी छत्री त्यांच्या हातात दिली, काखेतली उघडून स्वतः चालू लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी काखेत नवी छत्री. गृहस्थ छत्री परत द्यायला आले तेव्हा बाईंनी ती घेतली नाही. म्हणाल्या, "आता तीन होतील. तीन म्हणजे पसारा."

डब्यात दोन भाकऱ्या. एक कालची, एक आजची. आधी शिळी खायच्या. "शिळी आधी संपवावी," म्हणायच्या, "ती ताजी म्हणून खपायच्या आत."

आणि एक शब्द त्यांच्या तोंडात कायम: "कधीचं?" कोणी सांगितलं, साहेब चिडलेत, तर यांचा प्रश्न, कधीचं? कोणी सांगितलं, अमकीचं लग्न जमलं, कधीची बातमी? खरं की खोटं हे त्या विचारतच नसत. माणसं वैतागायची. मीही वैतागायचे. मला तेव्हा जगात दोनच बाजू दिसत होत्या, आणि ज्याच्या केबिनला पंखा आहे तो पलीकडच्या बाजूचा, इतका माझा हिशेब सोपा होता. कॉम्प्युटरच्या खोलीत तर पंखा नव्हे, थंड हवेचं यंत्र होतं.

आता त्या एकोणीस बायकांचं सांगते. रद्दी निवडणाऱ्या आणि खोकी शिवणाऱ्या या बायका. आसपासच्या गावांतल्या, भातशेतीच्या घरातल्या. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करा म्हणून मागणी लावता येते, म्हणून दरवर्षी दोनशे तीसच्या आसपास त्यांना घरी बसवायचे आणि महिन्याने पुन्हा नव्या म्हणून घ्यायचे. पारूबाई अशी सहा वर्षं "नवी" होती. त्या वर्षी मात्र खोक्यांची घाई उडाली आणि घरी बसवायचं राहून गेलं. बायका मनात दिवस मोजत होत्या. पारूबाईने दाराआडच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढली होती.

पुरावा म्हणून कारखान्यात काय होतं? गेटवरची कार्डं. ती रोज संध्याकाळी कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि मग टाकायची कुठे? पुठ्ठ्याचा कारखाना तो! थेट लगद्याच्या हौदात. बायकांच्या हजेरीची कार्डं भिजून, कुटून, त्यांच्याच हाताखाली खोकी होऊन बाहेर पडत होती. बाईंनी त्यावर तक्रार लिहिली होती, हे मला फार नंतर कळलं. उत्तर आलं होतं की कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क आहेत, मग तिसरी प्रत कशाला?

दोन डिस्क होत्या हे खरं. लोखंडी कपाटात एकावर एक, विटेएवढ्या दोन डब्या. जे काही पहिलीवर लिहिलं जाई तेच त्याच क्षणी दुसरीवरही. कंपनीच्या माहितीपुस्तकात याला आरसा म्हटलं होतं. बाईंना तो शब्द पसंत नव्हता. "आरशात मागचं काही राहत नाही," म्हणायच्या. त्यांनी त्या डिस्कना नावं दिली होती: थोरली आणि धाकटी. एका घरातल्या दोन जावा. एक आजारी पडली तर दुसरी घर चालवते.

तर नागपंचमीला थोरली आजारी पडली. तिच्या मागची वायर सैल झाली होती. कॉम्प्युटर शिट्टी वाजवू लागला. टाईम ऑफिसचे, म्हणजे हजेरी खात्याचे साहेब म्हणाले, "बाई, ती शिट्टी बंद करा, डोकं उठलंय." बाई म्हणाल्या, "लेखी द्या." साहेबांनी चिठ्ठी लिहून दिली, शिट्टी बंद झाली. काम धाकटीवर चालू राहिलं; यंत्र रात्रंदिवस चालू असे, मधे कधी बंद केलंच नाही. बाईंनी इंजिनियर बोलवा म्हणून तीन अर्ज केले, प्रत्येकाच्या दोन प्रती. इंजिनियर आला नाही. नागपंचमी ते दसरा, सगळी हजेरी एकट्या धाकटीने सांभाळली.

दसऱ्याला यंत्रांची पूजा. बाई त्या दिवशी रजेवर. कोणीतरी भक्तिभावाने कॉम्प्युटर बंद केला, कपाट ओढून मागून पुसलं, झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली आणि कपाट जोर लावून परत भिंतीशी सारलं. सैल वायर भिंतीच्या दाबाने घट्ट बसली. थोरली बरी झाली. कोणाला पत्ता नाही.

त्याच दसऱ्याला पारूबाईच्या सुनेने घर सारवलं. दाराआडच्या भिंतीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी यंत्र सुरू केलं. दोन्ही डिस्क हजर, पण दोघींत मेळ नाही. यंत्राने पडद्यावर प्रश्न टाकला: एकची प्रत दोनवर करू का? होय की नाही? बाईंनी "नाही"चं बटण दाबलं. मग यंत्र आपल्या सवयीप्रमाणे एक नंबरवरून, म्हणजे थोरलीवरून, उघडलं. मागे साहेब उभे होते. त्यांनी हजेरीची यादी उघडायला लावली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बाई, हे बघा. पारू, एकशे एक्क्याण्णव. दोनशे चाळीस कुठले!"

"साहेब, हे शिळं आहे. नागपंचमीचं."

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई."

"खोटं नाही बोलत. शिळं बोलतंय."

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गेटवर येऊन आकडे मोठ्याने वाचले. नऊ वाजून दहा मिनिटं. मी तिथेच होते. पारूबाई म्हणाली, "साहेब, माज्या रेगा…" आणि थांबली. रेघा आता कुठे होत्या?

साहेब आत गेले ते बाईंना सांगायला की तो प्रश्न आला की "होय" दाबा आणि कामाला लागा, गाड्या खोळंबल्यात. एक बटण. ते दाबलं असतं तर थोरलीची जुनी यादी धाकटीवर उमटली असती आणि बावन्न दिवस जगातून गेले असते. कार्डं लगद्यात, रेघा शेणाखाली. बाई उठल्या, यंत्र बंद केलं, त्याचं कुलूप फिरवलं आणि किल्ली गळ्यातल्या चष्म्यांच्या मध्ये अडकवली.

"हे काय, बाई?"

"लेखी द्या. तारीख, वेळ आणि सही घालून. 'एकची प्रत दोनवर करावी, जबाबदारी माझी.' लगेच दाबते."

साहेब लिहीनात. शिट्टीची चिठ्ठी त्यांना आठवली असावी. "दुसरी किल्ली कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तीही माझ्याकडेच. जोड आहे ना."

हे सगळं मला नंतर कळलं. गेटवर त्या दिवशी एवढंच आलं: आकडा एकशे एक्क्याण्णव, आणि कॉम्प्युटरला बाईने कुलूप घातलं. मला आणखी काय हवं होतं? मी रात्रभर धुमसले, दुसऱ्या दिवशी दुपारी सायक्लोस्टाईल यंत्रावर पत्रक काढलं. पिवळा कागद. "गारेगार खोलीत बसलेली ही बाई कोणाची? यंत्राला कुलूप घालून एकोणीस कुटुंबांच्या भाकरीला कुलूप घालणारी ही बाई मालकाची!" खाली बाईंचं पूर्ण नाव. चारला पहिली प्रत गेटच्या खांबावर चिकटवली. मग कुंभिवलीचा थांबा, खालापूरची बाजारपेठ, कर्जतची पानाची टपरी. लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

शुक्रवारी संध्याकाळी मी भिसेगावला त्यांच्या घरी गेले. जाब विचारायला. दार उघडं होतं. ओट्यावर दोन स्टोव्ह, भिंतीवर दोन कॅलेंडरं आणि टेबलावर माझं पत्रक. एकच प्रत. त्यावर लाल शाईने खुणा केलेल्या.

"ये," बाई म्हणाल्या. "कुलूप दोनदा आलंय एका वाक्यात. एक काढ."

"मी शुद्धलेखन शिकायला आले नाही. तुम्ही यंत्राला कुलूप का घातलंत ते सांगा."

"आज विचारतेस? काल गेटवर तू ओरडत होतीस, कुलूप कोणी घातलं, कोणी घातलं. 'का' विचारलं असतंस तर मी खिडकीतून सांगितलं असतं." मग त्यांनी पत्रक माझ्यासमोर सरकवलं. "आणि यावर तारीख कुठे आहे?"

नव्हती. मी कधी घालतच नसे. अन्याय कायमचाच असतो, त्याला तारीख कशाला, असं माझं मत.

"अगं, तारीख नसलेला कागद म्हणजे नेहमीसाठी खरा," बाई म्हणाल्या. "मी मेल्यावरही त्या खांबावर मी मालकाचीच."

त्यांनी मला वही काढून दाखवली. नागपंचमी: थोरली बंद. शिट्टीची चिठ्ठी डकवलेली. तीन अर्ज. मग तीच वही दुसऱ्यांदा, दुसऱ्या वहीत. मी दोन्ही वाचल्या. ज्या बाईला मी मालकाची म्हटलं होतं तिने एकटीने, नोकरी पणाला लावून, एका बटणावरचं बोट अडवून धरलं होतं.

"पण हे सगळं असं जोडीजोडीने का?" मी विचारलं.

बाई पूर्वी मुलींच्या शाळेत गणित शिकवत. एकदा तपासणी यायची होती, तर मुख्याध्यापकांनी वर्गाच्या हजेरीची सुवाच्य प्रत करायला सांगितली. बाईंचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी प्रत केली, कच्ची वही फाडून टाकली. प्रत केली ती चुकून जूनच्या पानावरून. ऑगस्टमध्ये एक मुलगी नव्याने आली होती.

"प्रत सुरेख झाली होती," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी कौतुक केलं. मुलगी त्यात नव्हती. परीक्षेला बसू दिलं नाही तिला. बापाने शाळेतूनच काढलं."

त्यांनी दोन्ही घड्याळांकडे पाहिलं. "प्रत करणं वाईट नाही गं. कशातून कशात करतोय, ते पाहिलं नाही मी. यातून त्यात, की त्यातून यात. एवढंच पाहायचं असतं."

शनिवारी इंजिनियर आला. मुंबईहून, कर्जतला उतरून टेंपोने. गोरागोमटा, टायवाला. आम्ही हट्ट धरला की खोलीत कामगारांच्या दोन साक्षीदार बसणार. साहेब कुरकुरले, पण बाईच म्हणाल्या, "बसू द्या. चपला बाहेर काढा म्हणजे झालं." मी आणि पारूबाई आत गेलो. पारूबाई गार हवेने आक्रसली आणि माझ्या कानात म्हणाली, "ताई, हितं तर माथेरानच हाय!"

इंजिनियरने पडद्यावरचा प्रश्न वाचला आणि "होय"कडे बोट नेलं. बाईंनी त्याच्या मनगटावर पट्टी मारली. खरंच मारली, शाळेतली लाकडी पट्टी होती ती.

"अहो मॅडम! एक नंबर मुख्य डिस्क आहे. दोन नंबर तिची प्रत. कायम एकातूनच दोनात जातं."

पारूबाईने विचारलं, "काय म्हनतो गं हा?"

बाई तिच्याकडे वळल्या. "हे बघ. थोरली जाऊ नागपंचमीला माहेरी गेली. दसऱ्याला परत आली. मधलं घर धाकटीने चालवलं. आता हा म्हणतो, घरात काय काय झालं ते थोरलीला विचारू, आणि धाकटीला गप्प बसवू."

"या बया!" पारूबाई इंजिनियरवर उसळली. "माहेरी गेलेलीला काय ठाव, हितं कोन मेलं नि कोन जल्मलं? आरं, तुला घरदार हाय का नाय?"

इंजिनियर पहिल्यांदाच थांबला. त्याने बाईंची वही मागितली. वाचली. मग टाय खांद्यावर टाकून कपाटाच्या मागे गेला आणि थोरलीची वायर काढली. "ठीक आहे. फक्त दोन नंबरवर सुरू करू."

यंत्र सुरू केलं. घरघर झाली. पडद्यावर एकच ओळ आली आणि तिथेच थांबली. इंजिनियर म्हणाला, "सुरूच होत नाही. सिस्टिम सापडत नाही म्हणतंय."

साहेबांनी दोन्ही हात पसरले. "झालं? धाकटीवर काही नाहीच आहे. बघा तुमच्या डोळ्यांनी!"

पारूबाईने माझा दंड धरला, आणि ती धरूनच राहिली.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज बारीक झाला होता. "सकाळी दार उघडायचं काम नेहमी थोरलीचं. घर सगळं धाकटीकडे आहे, कडी कुठे ते तिला कोणी दाखवलेलंच नाही. कडी आपण काढू." आणि त्यांनी भाकरीच्या डब्याशेजारच्या पिशवीतून एक फ्लॉपी काढली; काळ्या चौकोनी पाकिटातली चकती, यंत्र सुरू करण्यापुरती. इंजिनियरने घातली. यंत्र खरखरलं. नाही. फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली तर चकतीवर पांढरी बुरशी. आपल्याकडचा पावसाळा!

मला वाटलं, संपलं. पत्रकातली प्रत्येक ओळ आठवायला लागली.

मग पारूबाई बोलली. "बाई, तुमची जोड?"

बाईंनी आधीच पिशवीत हात घातला होता. दुसरी फ्लॉपी. मेणकागदात, मेणकागदावर फडकं, फडक्याला गाठ. गाठ सुटेना, पारूबाईने दाताने सोडली. फ्लॉपी आत गेली. खरखर. मग घरघर. मग पडद्यावर ओळी, एकीमागून एक, थांबायलाच तयार नाहीत. इंजिनियर हळूच म्हणाला, "उघडली."

बाईंनी यादी काढली. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. "पारू. दोनशे त्रेचाळीस."

"परत वाचा."

"दोनशे त्रेचाळीस."

पारूबाई होती तिथे खाली बसली, त्या थंडगार फरशीवर, आणि हसायला लागली. "माजं बावन दिस व्हतं तरी कुटं, बाई?"

"धाकटीकडे. मोजून ठेवले होते तिने."

मी खिडकीकडे धावले आणि गेटकडे पाहून दोन्ही हात वर केले. बाहेर अठरा बायका उभ्या होत्या. त्यांना आकडा ऐकू गेला नाही, हात दिसले. त्यांचा जो आवाज झाला तो त्या काचेतूनही आत आला. इतका मोकळा श्वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता.

बाई मात्र अजून बसल्या नव्हत्या. आधी यादी छापली. दोनदा. दोन्हींवर साहेबांची सही, तारीख आणि वेळ घेतली. मग चिकटपट्टीवर दोन शब्द लिहिले: शिळी, ताजी. डब्यांवर लावले. यंत्र हट्टाने एकातूनच दोनात प्रत करणार, म्हणून इंजिनियरकडून वायरींची अदलाबदल करवली. थोरली दोन नंबरला बसली, धाकटी एक नंबरला. पुन्हा तोच प्रश्न पडद्यावर आला.

"आता बोटाने दाखवा आणि तोंडाने म्हणा," बाई इंजिनियरला म्हणाल्या.

"मॅडम, मी इंजिनियर आहे…"

"म्हणा."

त्याने धाकटीवर बोट ठेवलं, मग थोरलीवर. "यातून त्यात."

"सगळे."

"यातून त्यात," आम्ही म्हणालो. पारूबाई सगळ्यांत मोठ्याने. साहेबांचे ओठसुद्धा हलले, मी पाहिलं. बाईंनी "होय" दाबलं.

प्रत व्हायला दुपार गेली. पडद्यावर आकडा मुंगीच्या चालीने चढत होता. बाईंनी डबा उघडला, शिळी भाकरी स्वतः घेतली आणि ताजी मोडून आम्हा तिघांना वाटली, तिसरा इंजिनियर. त्याला भाकरी खाता येत नव्हती. पारूबाईने शिकवलं.

त्या एकोणीसजणी आज कायम आहेत. सहज झालं नाही, पुढे आठ महिने झगडावं लागलं, पण प्रत्येक सुनावणीत तो छापील कागद पुढे आला आणि साहेबांची सही कोणाला नाकारता आली नाही.

त्या दुपारी निघताना मी बाईंना म्हणाले, "उद्याच नवं पत्रक काढते. माफीचं."

"काढ. पण जुनी आधी गोळा कर. नाहीतर दोन्ही भिंतीवर राहतील, आणि लोक पहिलंच वाचतील."

मी हो म्हणाले. आणि केलं नाही. आधी लढा होता, मग विजयाची सभा होती, मग दुसऱ्या कारखान्याचं प्रकरण. माफीला आमच्या कामात कधी घाई नसते. हे वाक्य लिहिताना माझीच मला चीड येते. पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि भावाकडे नाशिकला गेल्या. निरोप द्यायला पारूबाई आणि आम्ही चौघी कर्जत स्टेशनवर होतो. त्यांच्या हातात दोन पिशव्या, काखेत दोन छत्र्या. गाडी सुटल्यावर टपरीवाला पान लावता लावता म्हणाला, "गेली वाटतं मालकाची बाई?" त्याच्या डोक्यावर, चुन्याच्या डब्यामागे, माझं पिवळं पत्रक होतं. कडा फाटल्या होत्या. नाव स्पष्ट वाचता येत होतं.

पारूबाईने माझ्याकडे पाहिलं. "तुमीच लावलंवतं ना, ताई? मंग काडा की."

मी ते काढलं. बाकीच्या प्रतींसाठी हे लिहिलं. लिहिते आहे ती होळीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला, आणि ही वेळ मुद्दाम घातली आहे.

तेव्हा हे वाचणाऱ्या तुम्हाला सरळ सांगते. पिवळा कागद, वर तारीख नाही, खाली एका बाईचं नाव: तो तुमच्या दुकानात, दाराआड, वहीच्या पानांत कुठेही असेल तर आज काढा आणि गेटवर माझ्या हातात आणून द्या. एवढ्याने भागणार नाही. तो कागद तुम्ही ज्याला वाचून दाखवलात, "मालकाची बाई" असं ज्याच्यापाशी बोललात, त्याच्याकडे जा. आजच जा, आणि त्याला हे वाचून दाखवा. कागदावर बोट ठेवा, मग त्याच्याकडे दाखवा आणि तोंडाने म्हणा. यातून त्यात.